उत्तर आळीचं ऊन

१४ नोव्हेंबर

सरकती दारं आपटता येत नाहीत अशी माझी समजूत होती. येतात. आज दिवसभर उत्तर आळीत टॉवेल वाटत फिरलो आणि ही कला किती जणांना जमते ते पाहिलं. दार जरासं सरकतं, फटीत नाक दिसतं. नाक विचारतं, "स्टेडियमकडून का?" मी कमरेत वाकतो. "रस्त्याच्या कामाचा आपल्याला त्रास होतोय, क्षमा असावी." टॉवेल आत जातो आणि दार असं बंद होतं की चौकट हलते. पण टॉवेल नको, असं कोणी म्हणत नाही.

मी खरं तर गवताच्या कामाला लागलोय. महिनासुद्धा झालेला नाही. त्याआधी स्ट्रॉबेरीच्या शेडमध्ये होतो, त्याआधी बर्फाच्या डोंगरावर लोकांना पाळण्यात बसवत होतो, त्याआधीचं आठवत बसलो तर झोप उडेल. इथं कुवानोत नवं फुटबॉल स्टेडियम झालंय, मार्चमध्ये पहिला सामना, माणसं हवीत असं कळलं म्हणून उतरलो. आल्या आल्या कात्सुरागी-सानांनी मला हेरलं. हे क्लबचे शेजार-संपर्क प्रमुख. सूट, वास मारणारं तेल, आणि सतत हसणं. म्हणाले, "सेगावा, तुझं शरीर लवचीक आहे. तू वाकलास की बरं दिसतं." म्हणून टॉवेल.

आळीच्या कोपऱ्यावर मक्याचं गरम सूप देणारं मशीन आहे. आधी एक डबा प्यालो, तिथल्याच घरापासून सुरुवात केली. शेवटचं घर भिंतीला लागून, अगदी स्टेडियमच्या पायाशी. दारावर पाटी, इवाकाबे. एक म्हातारी बाहेर आली, ताठ, कमरेला एप्रन.

मी म्हटलं, "आजी, स्टेडियमतर्फे..."

"आजी कोणाची?"

"माफ करा. इवाकाबे-सान."

तिनं टॉवेल घेतला, कागदाची पट्टी फाडली, आणि माझ्यासमोर उकिडवं बसून त्यानं उंबरठा पुसला. नीट, कोपऱ्यांसकट. मग काळा झालेला टॉवेल बादलीत टाकून आत गेली. एकही शब्द वाईट बोलली नाही. इतका अपमान मला अजून कोणी शब्दांनीसुद्धा केलेला नाही.

१५ नोव्हेंबर

कात्सुरागी-सान आज हसत नव्हते.

"पहिला टॉवेल कुणाकडे दिलास?"

"मशीनशेजारच्या घरी."

"आणि हागिवारा-सानांकडे?"

"ते न्हाव्याचं दुकान? दिला की. मधे कधीतरी."

त्यांनी खुर्चीत अंग टाकलं. हागिवारा-सान शेजारमंडळाचे अध्यक्ष. पहिला टॉवेल त्यांचा, मग त्यांच्या समोरचे, मग दोन्ही बाजूंचे. लहान पोरालाही हे माहीत असतं म्हणे. मलाही माहीत होतं, खोटं कशाला बोलू. पण सूप गरम होतं आणि मशीन तिथं होतं. एवढ्यावरून माणसं रुसतात?

"मधे कधीतरी," कात्सुरागी-सान स्वतःशीच म्हणाले. "मधे कधीतरी."

२७ नोव्हेंबर

डोंगरावरून वारं सुटलंय. कान राहिलेत की गेले, हात लावून बघावं लागतं.

आज गवताचे मुख्य, उशिदा-सान, माझ्याशी पहिल्यांदा सलग बोलले. नाहीतर एरवी "बाजूला हो" आणि "कोणी पाठवला हा" एवढंच. भर दुपारी ते दक्षिणेकडच्या गोलपाशी उभे होते, सावलीत. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी जोरात फेकली. ती लांब जाऊन उन्हात पडली.

"जा, टोपीपाशी उभा राहा. आता मला सांग, तू गवत असतास तर कुठं राहिला असतास?"

"इथंच. टोपीपाशी."

"मग इथलं गवत मूर्ख आहे का? त्यालाही तिथंच राहायचंय. पण त्याला पाय नाहीत."

परत गोलपाशी येऊन पायाखाली बघितलं. गोलपुढचा पट्टा पिवळट, चिकट. बोटानं ओढलं की मुळासकट हातात येतं.

मग त्यांनी स्टेडियमची कुंडली सांगितली. ही जागा आधी रेशीम गिरणीची. गिरणी बंद पडली तेव्हा तिथं सायकल शर्यतीचा ट्रॅक झाला, लोक पैजा लावायला यायचे. तोही मोडला आणि पिवळ्या फुलांचं रान माजलं. मग क्लबला स्वतःचं मैदान हवं झालं, जुन्यासारखं धावपट्टीच्या पलीकडून दुर्बिणीनं बघायचं नव्हे, तर खेळाडूचा श्वास ऐकू येईल असं. नकाशे निघाले आणि उत्तर आळी उठली. थंडीत सूर्य खाली असतो, एवढी उंच इमारत झाली तर आमच्या घरांवर सावली पडेल. पुढाकार कोणाचा? उंबरठा पुसणारीचा.

"मग उत्तरेचा स्टँड बुटका केला," उशिदा-सान म्हणाले. "मैदान खड्ड्यात उतरवलं. कमी झालेल्या खुर्च्या सगळ्या दक्षिणेवर चढवल्या. वर पांढरं कापडी छप्पर. आर्किटेक्टला बक्षीस मिळालं. म्हणे कागदी कंदिलासारखं दिसतं. त्यांचं ऊन वाचलं, माझं गेलं. हिवाळाभर या गोलवर ऊन पडत नाही आणि खड्ड्यात वाराही फिरत नाही."

"तेव्हा सभेत तुम्ही बोलला नाहीत?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी सभेत मुतलात का असं विचारलं होतं.

"सभेत कोण बोलतं? सगळं आधी ठरतं. सभा चहा प्यायला असते."

टोपी मात्र मलाच आणायला लावली.

९ डिसेंबर

दिवे आले. लांबच लांब चाकांवरच्या चौकटी, त्यांना जांभळट गुलाबी दिवे टांगलेले. गवताला खोटा सूर्य. रात्रभर लावून ठेवायचे, रोज थोडे सरकवायचे. उशिदा-सान त्यांच्याभोवती नव्या सुनेभोवती सासू फिरावी तसे फिरत होते.

पण लावता येत नाहीत. आळीशी करार आहे, सामन्याचे दिवस सोडून अंधार पडल्यावर उजेड नाही. शेजारमंडळानं होकार द्यायला हवा, आणि मंडळाची सभा बोलावतात हागिवारा-सान. ते म्हणतात, "बघू." गेले पंधरा दिवस ते "बघू" म्हणतायत. कारण मधे कधीतरी दिलेला टॉवेल.

फेब्रुवारीत लीगची माणसं मैदान तपासायला येतील. दक्षिण गोलपुढं चिखल दिसला तर पहिला सामना शेजारच्या गावात, जुन्या धावपट्टीच्या मैदानावर. आणि उशिदा-सान घरी. हे त्यांनी सांगितलं नाही. कात्सुरागी-सानांनी सांगितलं, हसत.

येताना पुलापाशी खारट मिसो चोपडून भाजलेले मांजु, मऊ पावासारखे गोळे, घेतले. भाजणारी बाई म्हणाली, "स्टेडियमवाला ना तू? थांब, करपलेले देते." खरंच करपलेले दिले.

२२ डिसेंबर

कात्सुरागी-सान म्हणाले, केस वाढलेत, हागिवारा-सानांकडे जाऊन कापून ये. मला वाटलं केसांबद्दल बोलतायत.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. काउंटरवर युझुची पिवळी लिंबं टोपलीत ठेवलेली, आज वर्षातला सगळ्यात लहान दिवस, संध्याकाळी सगळे युझु टाकून अंघोळ करणार. हागिवारा-सान सुकलेले, बारीक, पांढरा कोट. मला खुर्चीत निजवलं, गरम फडकं तोंडावर टाकलं, साबण लावला आणि वस्तरा घशावर ठेवला.

"पहिल्यांदा कुठल्या घरी गेलास?"

अशा वेळी माणूस खोटं बोलत नाही.

"मशीनपाशी."

"का?"

"सूप प्यायचं होतं."

वस्तरा सरकला. कानाखालून हनुवटीपर्यंत, सावकाश.

"कुठला तू?"

"कुठलाच नाही. बंदरावर वाढलो, मग फिरतोच आहे."

"कायमचा आहेस क्लबात?"

"मार्चपर्यंत. पुढं बघू म्हणतात."

"हं." त्यांनी वस्तरा फडक्याला पुसला. "आळीत कोणी नातेवाईक? ओळखीचं?"

"इवाकाबे-सान माझ्या टॉवेलानं उंबरठा पुसतात. तेवढीच ओळख."

त्यावर ते हसले. नाकातून, पण हसले. तोंड पुसताना म्हणाले, "सभा बोलावतो. अट आहे. आदल्या दिवशी दिवे लावून बघायचे आणि त्या वेळी तुमच्यातलं कोणीतरी इवाकाबे-सानांच्या घरात बसलेलं असलं पाहिजे. मग सभेत येऊन सांगायचं काय दिसलं ते. आणि तो माणूस तू."

"मीच का?"

"ज्यानं क्रम चुकवला त्यानंच निस्तरावं."

मानेवर कात्रीचे बारीक केस राहिलेत, अजून टोचतायत. शिक्षा आहे ही, दुसरं काय. कात्सुरागी-सानांना सांगितलं तर ते इतके खूश झाले की मला एक युझु दिलं.

१७ जानेवारी

आज बसलो तिच्या घरात.

अंधार पडायच्या आत गेलो. तिनं मला कोतात्सूत, खालून तापणाऱ्या बुटक्या टेबलात, पाय घालायला सांगितलं नाही, पण पांघरुणाची कड जराशी उचलून ठेवली होती, म्हणून घातले. स्वयंपाकघर आणि बसायची खोली एकच, दक्षिणेला मोठी खिडकी. भिंतीत देवघराचं कपाट, त्यात नवऱ्याचा फोटो. मुळा आणि तळलेला तोफू शिजवला होता. माझ्यासमोर वाडगा ठेवताना असा ठेवला की रस्सा उडाला.

"खा. उद्या सांगशील उपाशी ठेवलं."

"छान झालंय."

"तुला कोणी विचारलं नाही."

बराच वेळ नुसतं चावण्याचा आवाज. मग मीच विचारलं, एवढं भांडण कशाला केलंत, ऊन ते ऊन. ती मला मारेल असं वाटलं. पण ती खिडकीकडे बघत बोलायला लागली, माझ्याशी नव्हेच.

"लग्न होऊन आले त्याच वर्षी सायकलवाल्यांनी स्टँड बांधला. इथं, नाकासमोर. तेव्हापासून हिवाळाभर या खोलीत दुपारीसुद्धा दिवा. कपडे वाळायचे नाहीत. मुलाच्या दुपट्यांना बुरशी. हे आमचे," फोटोकडे हनुवटी, "रविवारी त्याच स्टँडमध्ये जाऊन बसायचे पैजा लावत. म्हणायचे, तिथं ऊन छान येतं."

मला हसू आलं. दाबलं.

"ट्रॅक मोडला त्या हिवाळ्यात ते आजारी. अंथरूण इथंच होतं, तू बसलायस तिथं. एक दिवस सकाळी उठून बघते तर उशीवर ऊन. पहिल्यांदा. ते म्हणाले, तोमे, दिवा बंद कर. मी म्हटलं, लावलेलाच नाही. एकच हिवाळा मिळाला त्यांना. मग तुम्ही आलात नकाशे घेऊन."

मी मुळा खाल्ला.

आणि दिवे लागले. मला वाटलं होतं लांबून काहीतरी लुकलुकेल. दिवे खड्ड्यात आहेत, खाली तोंड करून आहेत, दिसणार कसे? पण गवतावरून उजेड वर उसळला आणि दक्षिणेचं ते पांढरं छप्पर आख्खं पेटलं. आणि मधे काहीच नाही, कारण उत्तरेचा स्टँड बुटका. हिच्याचसाठी बुटका. ती जांभळी भिंत थेट खिडकीतून आत आली. पडदा ओढला तर पडदाच जांभळा झाला. तोफू जांभळा. तिचे पांढरे केस जांभळे. फोटोच्या काचेवर छप्पर असं चमकत होतं की आतला माणूस गायब.

"दिसत नाहीत ना?" ती म्हणाली.

"फोटो जरा तिरका केला तर दिसतील," मी सुचवलं. उपयोगाचं सुचवलं होतं. पण ती उठून मोरीत भांडी घासायला लागली आणि मी निघेपर्यंत तोंड वळवलं नाही.

१८ जानेवारी

आळीच्या सभागृहात सगळे चटयांवर. चहा, तांदळाचे खारे पापड. दारापाशी उशिदा-सान गुडघे मोडून बसलेले, टोपी मांडीवर. त्यांना इतकं लहान मी कधी बघितलं नव्हतं. कात्सुरागी-सानांनी आत शिरण्याआधी कानात सांगितलं होतं, "मार्चनंतरही तुला ठेवू. उशिदा-सान पण राहतील." एवढंच. काय बोल, काय नको, असं काही ते म्हणाले नाहीत. माणूस सभ्य आहे.

हागिवारा-सान म्हणाले, "सेगावा, काल काय दिसलं?"

कोणी चावत नव्हतं. इवाकाबे-सान समोर, हात मांडीवर, नजर चहाच्या कपात.

मी उभा राहिलो. तोंडात खरं तर वेगळं होतं. निघालं ते असं, "उजेड येतो, पण सहन होतो. पडदा ओढला की जत्रेच्या कंदिलासारखं वाटतं. त्रास असा काही नाही."

सगळीकडून एकदम चावण्याचा आवाज सुरू झाला. पापड. हागिवारा-सान म्हणाले, "तर मग, विरोध नसेल तर एप्रिलपर्यंत, आणि दर जानेवारीत पुन्हा विचार." विरोध नव्हता. इवाकाबे-सानांनी कप उचलला, प्यायल्या, खाली ठेवला. त्या बोलतील असं मला वाटलं होतं. बोलायचं होतं तर बोलायला कोणी अडवलं होतं का?

बाहेर उशिदा-सान माझ्यासमोर वाकले. मला ते आवडलं नाही. म्हटलं, "वाकू नका हो." ते म्हणाले, "तुला नाही वाकलो. बुटाची नाडी." पण त्यांच्या बुटाला नाडी नव्हती.

१३ फेब्रुवारी

लीगची माणसं येऊन गेली. दक्षिण गोलपुढं त्यांनी टाचा रोवल्या, चेंडू टाकले, गुडघे टेकून नाक लावलं. पास. हिरवंगार. उशिदा-सानांनी मला लाथ मारली, त्यांच्याकडची शाबासकी.

ऑक्टोपस भरलेली गोल ताकोयाकी खावीशी वाटत होती, इथं धड मिळत नाही. बंदरावर मिळायची.

२० फेब्रुवारी

उत्तर स्टँडच्या वरच्या पायऱ्या झाडायला गेलो होतो. तिथून आळी पूर्ण दिसते. थंडी असूनही लख्ख दुपार, सगळ्यांच्या गाद्या कठड्यांवर वाळत घातलेल्या, अंगणात कपडे. आणि इवाकाबेंच्या घराच्या लाकडी झडपा बंद. सगळ्या. म्हटलं गावाला गेली असेल. पण काल, परवाही बंद होत्या.

काहीतरी झालं असलं तर बघावं म्हणून गेलो. झडप वाजवली. बऱ्याच वेळानं आतून आवाज, "कोण मेलं?"

"सेगावा. स्टेडियमचा. बरं आहे ना? दुपारी झडपा बंद..."

"झोपलेय मी."

"आत्ता? बाहेर किती छान ऊन पडलंय."

आत काहीतरी पडलं की फेकलं. आवाज झडपेजवळ आला.

"रात्री तुमचा सूर्य असतो. मी रात्री स्वयंपाक करते, शिवते, धुणं धुते. दिवसा झोपते. झालं समाधान? दिवसाचं ऊन मला नको आता. घेऊन जा आणि घाला तुमच्या गवतावर."

काय बाई आहे. ज्यासाठी इतकी वर्षं भांडली, ते दारात येऊन पडलंय आणि ही झडपा लावून आत. उशिदा-सानांना सांगितलं तर त्यांनी गवत कापायचं यंत्र उगाच दोनदा पुसलं. मला रात्री... नाही, लिहीत नाही. ढेकर येतोय सारखा, मांजु बाधले असतील.

२३ फेब्रुवारी

केस वाढलेले नव्हते तरी हागिवारा-सानांकडे गेलो. त्यांनी गळ्याभोवती फडकं टाकलं, साबण लावला. मी साबणातूनच म्हटलं, "सभेत मी खोटं बोललो. तिच्या घरात वाचता येईल इतका उजेड येतो. पुन्हा सभा बोलवा, मी सांगतो."

"तोंड हलवू नकोस, साबण आहे."

मग सावकाश हजामत करत म्हणाले, "आमच्या घरांनाही खिडक्या आहेत, सेगावा. त्या संध्याकाळी आख्खी आळी जांभळी झाली होती."

मी फडकं ओढून बसलो. "म्हणजे सगळ्यांना माहीत होतं?"

"झोप खाली. कापेल." त्यांनी मला परत दाबलं. "आळीतल्या निम्म्या पोरांना क्लबच्या टोप्या हव्यात. सामन्याला माणसं आली की दुकानं चालतील. नाही कोणालाच म्हणायचं नव्हतं. पण हो कोण म्हणणार? इवाकाबे-सानांच्या तोंडावर? लग्नाचं, मर्तिकाचं त्यांच्याशीच आहे आमचं. उद्या सकाळी कचरा टाकायला गेलो की त्याच भेटणार. कोणीतरी बाहेरचं हवं होतं. वसंतात निघून जाईल असं."

"म्हणून मी?"

"टॉवेलाचं तू छान केलंस. मला रुसायला निमित्त हवंच होतं. कात्सुरागीला वाटतं त्यानं मला पटवलं. वाटू दे."

"मग सांगतोच मी. जानेवारीत सभा आहे ना पुन्हा."

"तेव्हा मी विचारलं म्हणून बोललास. एरवी सभेत बोलायला आळीत घर लागतं. कचऱ्याची पाळी लागते. भाडेकरू चालेल, पण आळीतला. तू तर पुलापलीकडे, क्लबच्या खोलीत." त्यांनी माझी हनुवटी उचलून आरशात दाखवली. "आणि जानेवारीला तू कुठं असशील ते तुला तरी माहीत आहे का?"

गाल गुळगुळीत झालाय. इतका राग मला स्वतःच्या बापाचाही आला नव्हता.

१ मार्च

सामना. मैदान भरलं. क्लबचा रेशीमकिडा, म्हणजे त्या पोशाखातला माणूस, पायऱ्यांवर दोनदा पडला. ढोल सुरू झाले की बाकाखालून पाय थरथरतात, खेळाडूचं शिवीगाळ करणंही ऐकू येतं, ज्यांनी हे बांधलं त्यांना चांगलं कळत होतं. उत्तरार्धात दक्षिण गोलमध्ये आमचा एकुलता एक गोल. चेंडू त्या पट्ट्यावरून गेला, जराही उसळला नाही. उशिदा-सान भिंतीला टेकून उभे होते, डोळे मिटून. त्यांनी गोल बघितला नाही, चेंडू गवतावरून गेल्याचा आवाज ऐकला म्हणे. एवढ्या ढोलांत.

मीही बघितला नाही. मी उत्तरेकडे बघत होतो. आळीतले लोक कठड्यांवर येऊन टोप्या हलवत होते. एकाच घराच्या झडपा बंद. भर दुपारी, भर उन्हात.

कात्सुरागी-सान येऊन म्हणाले, "ठरल्याप्रमाणे ठेवतोय तुला. आनंद दिसत नाही?"

"आळीत खोली मिळेल का कुठं?" मी विचारलं.

त्यांचं हसू जागच्या जागी राहिलं. "आळीत कशाला? पुलापलीकडे बरंय की."

४ मार्च

आळीत आठ घरी विचारलं. जागा नाही, पाहुणे यायचेत, छत गळतं. गळतं तिथं छतावर नवी कौलं होती. मांजुवाली म्हणाली, "तुला जागा? आम्हाला हागिवारा-सानांशी वैर घ्यायचं नाही."

उशिदा-सानांना कुठूनसं कळलं. गोलची जाळी सोडवताना म्हणाले, "म्हणजे जानेवारीत माझ्या दिव्यांविरुद्ध बोलणार, आणि सकाळी माझ्याच गवतावर उभा राहणार?"

"हो."

"गवत मेलं तर तुला इथंच पुरेन. खत होशील." मग जाळीचं दुसरं टोक माझ्या अंगावर फेकलं. "आणि त्या पांढऱ्या छपराला रात्रीपुरता पडदा लावायचा असेल तर आत्तापासून आर्किटेक्टच्या मागं लाग. तो वर्षभर नुसता 'बघू' म्हणेल."

संध्याकाळी इवाकाबे-सानांच्या दारात गेलो. त्या नुकत्याच उठल्या होत्या, झडपा उघडत होत्या, बाहेर अंधार पडत होता. मी वाकलो.

"माफी मागायला..."

"माफी ठेवायला जागा नाही, कपाट टॉवेलांनी भरलंय." त्यांनी शेवटची झडप ढकलली. "खोली शोधतोयस म्हणे दारोदार. न्हाव्याकडून आळीभर झालंय."

"हो."

"वर एक आहे. मुलाची होती. खिडकी दक्षिणेला. जेवण मिळणार नाही. कचऱ्याची पाळी मंगळवारी, चुकलास तर सामान रस्त्यावर." त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा सरळ बघितलं. "तूच म्हणालास ना, सहन होतं."

८ मार्च

सामान दोन पिशव्या. दुपारी आणलं. त्या झोपल्या होत्या म्हणून बूट हातात घेऊन चढलो. खोलीत मुलाचं जुनं टेबल, भिंतीवर बुरशीचा डाग, खिडकीतून ऊन आख्ख्या चटईवर. त्यात जरा आडवा झालो. बरं असतं. इतकं बरं असतं हे मला माहीत नव्हतं.

सकाळी शेजाऱ्यांना, नव्या भाडेकरूच्या नियमाप्रमाणे, टॉवेल घेऊन भेटायला गेलो होतो. हागिवारा-सानांकडे आधी. त्यांनी टॉवेल दोन्ही हातांनी घेतला आणि म्हणाले, "किती दिवस?" मी म्हटलं, जानेवारीपर्यंत तरी. त्यांनी दार सरकवलं. चौकट हलली.

साडेपाचला दिवे लागले. भिंत जांभळी, टेबल जांभळं, माझे हात कोणा दुसऱ्याचे असावेत तसे. पडदा ओढून बघितला, काही फरक नाही. डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत तेच. पहिल्या रात्रीच पळून जावं असं वाटतंय, खोटं लिहून काय करू. अजून दहा महिने आहेत.

खालून केरसुणीच्या दांड्यानं माझी जमीन ठोकली गेली. "ए! वरचा दिवा बंद कर! इतका वेळ काय लिहितोयस?"

"दिवा लावलेलाच नाही," मी ओरडून सांगितलं.

खाली दांडा भिंतीला टेकवल्याचा आवाज आला. आता तांदूळ धुतायत.